गुन्हेगारी रक्तात नसते



गुन्हा का घडतो, या प्रश्नाचे जे उत्तर राज्यकर्ते स्वीकारतात, त्यावरच त्यांची दंडनीती उभी राहते. उत्तर चुकले की कायदाच अन्यायाचे साधन बनतो. याची साक्ष भारताच्या इतिहासातच आहे.

इटलीतील लोम्ब्रोसो याने १८७६ मध्ये 'जन्मजात गुन्हेगारा'चा सिद्धांत मांडला. त्याच्या पाच वर्षे आधीच, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा करून संपूर्ण जमातींच्या कपाळी हा शिक्का मारला होता. नोंदणी, हजेरी, गाव सोडण्यासाठी परवाना असे त्याचे स्वरूप होते. या घोषणेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचीही सोय नव्हती. सोलापूरच्या 'सेटलमेंट'मध्ये तारेच्या कुंपणाआड पिढ्या वाढल्या.

वास्तविक दोष रक्ताचा नव्हता. रेल्वे आली आणि बंजाऱ्यांचा मालवाहतुकीचा व्यवसाय बुडाला. जंगल कायद्यांनी पारध्यांची शिकार हिरावली. उपजीविकेचे वैध मार्ग बंद झाले की माणूस अवैध मार्गाकडे ढकलला जातो, हेच अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मर्टन याने १९३८ मध्ये सांगितले. समाजाने मारलेला शिक्काच पुढे माणसाची ओळख ठरतो, हे १९६३ मध्ये बेकर याने दाखविले. पारध्यांचा अनुभव याहून निराळा नाही. गावात चोरी झाली की पोलीस प्रथम त्यांच्याच पालावर जातात. मग रोजगार कोण देणार आणि शाळेत शेजारी कोण बसणार?

कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या गेल्या. पण 'सराईत गुन्हेगारा'विषयीच्या कायद्यांच्या रूपाने संशय मागे उरलाच. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातीय भेदभाव घटनाबाह्य ठरविला आणि विमुक्तांना मनमानीपणे अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले. स्वातंत्र्यानंतर सत्याहत्तर वर्षांनी हे सांगावे लागले!

उपाय कोणता? हर्शी याने १९६९ मध्ये प्रश्नच उलटा केला : बहुसंख्य माणसे गुन्हा का करीत नाहीत? कारण कुटुंब, शाळा, श्रम आणि श्रद्धा यांचे बंध त्यांना धरून ठेवतात. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीच्या निवासी शाळेत पारध्यांची मुले शिकू लागली, तेव्हा हाच बंध नव्याने जोडला गेला.

गुन्हा करणाऱ्यास शिक्षा झालीच पाहिजे. परंतु ती व्यक्तीला, तिच्या कृत्यासाठी आणि पुराव्यानिशी. जमातीला समाजाकडून हवा आहे तो जातीचा दाखला, रेशनकार्ड, शाळेतील जागा आणि हाताला काम. ज्या गावाच्या वेशीबाहेर आज पाल आहे, त्या गावानेच आरंभ करावयाचा आहे.