मातृकुळाचा माग आणि नवगावचे गलबत



आपल्याकडे कुलवृत्तांत छापण्याची हौस फार. मूळ पुरुष, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे, असा वंशवृक्ष पानभर पसरतो. पण घरात आलेल्या सुनेची आई कोण, आणि त्या आईची आई कोणत्या गावची, हे तीन पिढ्यांमागे कोणालाच सांगता येत नाही. आणि लेकी तर लग्न होताच पानावरून नाहीशा होतात. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते या न लिहिलेल्या वृत्तांताविषयी. गेल्या चाळीसएक वर्षांत तो वाचण्याची विद्या शास्त्रज्ञांना साधली आहे, आणि तिचा एक मोठा विलक्षण दाखला आपल्या या रायगडच्या किनाऱ्यावरचाच आहे.

प्रथम विद्येविषयी थोडेसे. आपल्या शरीरातील पेशीत केंद्रक असते, आणि आईबापांकडून आलेला बहुतेक सारा वारसा त्यात साठवलेला असतो. परंतु केंद्रकाच्या बाहेर, पेशीला शक्ती पुरविणाऱ्या बारीक तंतुकणिका असतात. त्यांचा स्वतःचा निराळा डीएनए आहे, अवघ्या १६,५६९ अक्षरांचा. केंद्रकातील तीनशे कोटी अक्षरांपुढे हे चिठोरेच म्हणावयाचे. पण ते आपल्याला केवळ आईकडून मिळते. बापाच्या तंतुकणिका पुढे जात नाहीत. येथे जमलेल्या भगिनींना हे विरजणावरून चटकन् समजेल. आईने लेकीला विरजण द्यावे, लेकीने ते आपल्या लेकीला द्यावे, आणि घरे बदलली, गावे बदलली तरी दह्याचे मूळ तेच राहावे, तसा हा प्रकार आहे. मुलालाही आईचे विरजण मिळते, पण ते त्याच्यापाशीच संपते.

नकल करता करता या अक्षरांत क्वचित एखादा फरक पडतो, आणि पुढच्या साऱ्या लेकी तो फरक घेऊन जन्मतात. कोणाकोणाचे फरक जुळतात हे पाहिले की कोणत्या आया एका आईच्या लेकी, ते कळते. १९८१ मध्ये केंब्रिजला ही अक्षरे प्रथम पूर्ण वाचली गेली. १९८७ मध्ये रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी निरनिराळ्या खंडांतील १४७ व्यक्तींचे नमुने ताडून पाहिले आणि सर्वांचे मातृकुळ सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतील एका स्त्रीपाशी जाऊन मिळते, असे मांडले. तिच्या वंशातून बाहेर पडलेल्या एका शाखेला शास्त्रज्ञ ‘एम्’ म्हणतात. भारतातील निम्म्याहून अधिक लोक त्या शाखेचे आहेत. म्हणजे या सभागृहातील बहुतेकांच्या आया, जातपात काही असो, दूरच्या मावसबहिणीच निघतील.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. अलिबागच्या उत्तरेस, थळच्या शेजारी नवगाव आहे. बेने इस्राएल समाजाची परंपरागत कथा अशी, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावापाशी फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि बाकीच्यांचे देह नवगावी पुरले गेले. वाचलेले लोक येथे तेल गाळू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. पुढे त्यांची आडनावेही गावांवरून पडली : किहीमकर, नवगावकर, झिराडकर, चेऊलकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर. भाषा मराठी झाली. आज इस्राएलात राहणारी मंडळीसुद्धा ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढतात, हे आपणांपैकी काहींना ठाऊक असेल.

या समाजाचे मातृकुळ तपासले गेले तेव्हा काय दिसले? जगभरच्या यहुदी समाजांच्या मातृकुळांचा एक मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बेने इस्राएलांच्या आया बहुतांशी येथल्याच, भारतीय शाखांच्या निघाल्या, आणि त्यांचा बराचसा भाग मोजक्याच आयांपासून पसरलेला दिसला. २०१६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी १८ बेने इस्राएल व्यक्तींचा संपूर्ण वारसा तपासला. त्यात मध्यपूर्वेतील यहुदी अंश आणि भारतीय अंश हे दोन्ही भरघोस आढळले. मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झालेले, म्हणजे गेल्या हजार वर्षांतले. त्यात यहुदी वाटा अधिक करून पुरुषांचा आणि स्थानिक वाटा अधिक करून स्त्रियांचा. नंतर लोकसंख्या फार थोडी उरली आणि लग्ने आपसांतच होत राहिली, असेही त्यातून दिसते. मिश्रणाचा काळ हा आगमनाचाच काळ असला पाहिजे असे नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

असेच एक उदाहरण गुरांचे आहे. ते माणसांशेजारी ठेवतो म्हणून कोणी राग मानू नये. आफ्रिकेत वशिंडाची गुरे पुष्कळ आहेत, अगदी आपल्या खिल्लारांची भावंडे शोभावीत अशी. वशिंड तर भारतीय गुरांचे. पण १९९४ मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी त्यांचे मातृकुळ तपासले, तेव्हा ते वशिंड नसलेल्या गुरांचे निघाले. वळू इकडचे, गाई तिकडच्या! समुद्रावरून नर जातात आणि माद्या तेथल्याच मिळतात, ही गोष्ट गुरांत तशी व्यापाऱ्यांत आणि खलाशांतही पुष्कळदा घडत आली आहे.

मग नवगावच्या त्या सात स्त्रिया खोट्या ठरल्या काय? मुळीच नाही. जिला फक्त मुलगे झाले तिचे विरजण तेथेच संपले, मग तिची नातवंडे शंभर का असेनात. दहा पिढ्या मागे गेले की प्रत्येकाला १,०२४ पूर्वजांच्या जागा भराव्या लागतात. त्यांतील अवघ्या एका जागेची साक्ष हा डीएनए देतो. बाकी १,०२३ जागांविषयी तो अक्षरही बोलत नाही. हल्ली थुंकी डब्यात भरून पाठविली की टपालाने वंश कळतो म्हणणाऱ्यांनी एवढे गणित अवश्य करून पाहावे.

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता असता तर आम्ही तो येथे आणलाच नसता. यहुदी धर्मशास्त्रात मूल यहुदी ठरते ते आईवरून. मायदेशी परतलेल्या बेने इस्राएलांच्या विवाहांवर १९६२ मध्ये इस्राएलच्या प्रमुख रब्बींनी निर्बंध घातले : वधूवरांच्या आईची, आजीची, जाता येईल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी व्हावी. कोकणातून गेलेल्या माणसाने पणजीच्या आईचा दाखला कोठून आणावा? समाजाने जेरुसलेमच्या रस्त्यावर धरणे धरले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने हे लोक सर्व बाबतींत यहुदी असल्याचे ठरविले. नंतर रब्बींनाही आज्ञेतील शब्द बदलावे लागले. त्या वेळी ही तपासणी उपलब्ध नव्हती, हे आम्हांस त्यांचे भाग्यच वाटते.

समाजानेही हा वाद आपल्या घरात पूर्वीच घालून ठेवला होता. त्यांच्यात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भेद होते. परक्या स्त्रीपासून झालेली संतती ती काळी, असे समजून गोरे त्यांच्याशी सोयरीक करीत नसत. मातृकुळाचा निकाल हाती आल्यावर गोऱ्यांनी कोणाकडे बोट दाखवावे?

आता ओळखीची ती मासळीची गोष्ट. डेव्हिड राहाबी नावाचा पंडित या लोकांत आला. हे खरोखरच आपले धर्मबांधव काय, याची परीक्षा घ्यावी म्हणून त्याने तऱ्हेतऱ्हेची मासळी बायकांपुढे रांधायला ठेवली. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी तेवढी निवडली, बाकीची दूर सारली. आणि पंडिताची खात्री पटली, असे परंपरा सांगते. पापलेट, रावस चालेल. शिंगाळा, कोळंबी, खेकडा चालणार नाही. शेजारच्या चुलीवर कोळंबीचे कालवण रटरटत असताना हा नियम कोणी पाळला? विज्ञानाचे ऐकावे तर, ज्यांच्या आया-पणज्या याच किनाऱ्यावरच्या होत्या त्या स्त्रियांनी. त्यांनी तो सासूकडून घेतला आणि लेकीला दिला. तंतुकणिकांत याची नोंद सापडणे शक्य नाही.

धर्मशास्त्राचेच म्हणाल, तर त्यालाही ही वाट अनोळखी नाही. बायबलातील रूथ ही मवाब देशची, परक्या कुळातली. विधवा झाल्यावर माहेरी न जाता ती सासूबरोबर बेथलेहेमला गेली आणि तिच्या लोकांची झाली. दावीद राजा तिचा पणतू.