व्हिसा आपल्या नावाचा, उत्तरंही आपलीच

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली आज परदेशात आहेत. लेकीचं बाळंतपण जवळ आलं की फोन येतो, "आई, तू ये." मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "कागदाचं आम्ही बघतो, तू फक्त सही कर." गटाच्या बैठकीत असा विषय निघाला की आम्ही एकच सांगतो: विमानात बसायचं आपल्याला आहे, तर आपल्या अर्जात काय लिहिलंय ते आपल्याला माहीत हवं.

आधी पासपोर्ट. तो आपलं सरकार देतं. व्हिसा म्हणजे ज्या देशात जायचं त्या देशाची परवानगी. पासपोर्टसाठी नगरलाच टपाल खात्याचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. साध्या पासपोर्टची फी 1500 रुपये, मुदत 10 वर्षं.

खरी अडचण येते नावाची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच स्पेलिंग. आपल्यातल्या पुष्कळजणींची जन्मतारीख तर गुरुजींनी लिहिलेली 1 जून. लग्नानंतर पासपोर्टवर सासरचं नाव लावलंच पाहिजे असं नाही. जे नाव ठेवाल ते सगळ्या कागदांवर एकसारखं असू द्या.

आता व्हिसा. प्रत्येक देशाची रीत वेगळी, म्हणून अमेरिकेचंच उदाहरण घेऊ. तिथं भेटीसाठी जाणाऱ्यांच्या व्हिसाला बी-2 म्हणतात. अर्ज ऑनलाइन असतो, त्याचं नाव डीएस-160. फी 185 डॉलर. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. अर्ज दुसऱ्याने भरून दिला तरी सही म्हणून शेवटचं बटण आपणच दाबायचं असतं. म्हणून त्याआधी तो मराठीत वाचून घ्या. खोटी माहिती किंवा बनावट कागद सापडला, तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. "एजंटाने लिहिलं, मला काय माहीत" हे तिथं चालत नाही.

मग मुंबईला जायचं. आधी व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो, नंतर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. आत मोबाइल नेता येत नाही. मराठीत बोलायचं असेल तर तसं मोकळेपणानं सांगा. काचेपलीकडून विचारतात: कशाला चाललात? कुणाकडे? खर्च कोण करणार? किती दिवस राहणार? उत्तर थोडक्यात आणि खरं द्या. "लेक बाळंत होणार आहे, तिच्याकडे राहायला चालले, अमुक महिन्यात परत येणार," एवढं पुरतं. पाठ केलेलं बोलू नका.

अमेरिकेचा कायदा असं धरून चालतो की येणारा माणूस तिथंच राहायला येतोय. तसं नाही हे पटवणं आपलं काम. मग तुम्हाला परत ओढून आणणारं इथं काय आहे? घर, शेत, गोठ्यातली जनावरं, घरचा माणूस, गटाचं काम. सातबारा आणि पासबुक पिशवीत असू द्या. ते बघतीलच असं मात्र नाही. इथं एक गोष्ट आम्हाला सांगावीशी वाटते. वर्षानुवर्षं शेत आपण कसतो, पण सातबाऱ्यावर आपलं नाव कितीजणींचं? "माझी जमीन आहे" हे कागद दाखवून म्हणता येणं आणि नुसतं तोंडी सांगणं यात फरक आहे. नवऱ्याच्या जोडीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायला लक्ष्मी मुक्ती योजना आहे. तलाठ्याकडे विचारा. परदेशी जायचं नसलं तरी विचारा.

व्हिसा मिळाला, तरी राहायचे दिवस तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. साधारणपणे 6 महिने मिळतात. ती तारीख लेकीला बघून ठेवायला सांगा. ती उलटून राहिलात तर व्हिसा रद्द होतो. तिथला दवाखाना फार महाग, तेव्हा आरोग्य विमा काढूनच निघा.

भेटीचा व्हिसा हा मजुरीचा व्हिसा नाही. आपल्या नातवाला न्हाऊ-माखू घाला, पण पैसे घेऊन शेजारची मुलं सांभाळायची नाहीत, पोळ्यांचे डबेही विकायचे नाहीत.

आणि आखाताचं ऐका. "आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिथं गेल्यावर कामाचा करून देतो," असं कुणी म्हणालं तर पैसेही देऊ नका, पासपोर्टही देऊ नका. तसं गेलेल्या बाईच्या कामाची इथं नोंदच नसते. मालकाने पगार बुडवला, पासपोर्ट काढून घेतला, तर दाद मागणं फार कठीण होतं. परदेशी कामाला पाठवणाऱ्या एजंटाकडे केंद्र सरकारची नोंदणी लागते. ती ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर तपासता येते. घरकामासाठी आखातात जाणाऱ्या बाईचं वय किमान 30 हवं, हाही नियम आहे. दहावी न झालेल्या बाईला कामावर जाताना सरकारची वेगळी मंजुरी लागते. ही मंजुरी चुकवायलाच एजंट भेटीच्या व्हिसाची वाट दाखवतात.

येत्या बैठकीला प्रत्येकीनं आधार, शाळेचा दाखला आणि पासबुक घेऊन या. नाव आणि तारीख एकमेकींच्या मदतीनं जुळवून बघा. जिथं जुळत नाही तिथं खूण करा आणि दुरुस्तीचा अर्ज आताच द्या. लेकीचा फोन येईल तेव्हा धावपळ होणार नाही.