तिन्हीसांजेचं गाणं

(जव्हार येथे जव्हार-मोखाड्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



काल रात्री आपल्यातल्या एकीने ‘या चिमण्यांनो’ म्हटलं आणि तीन-चार जणींचे डोळे भरून आले. आज त्या गाण्याबद्दलच बोलणार आहे. पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘स्थलांतर आणि स्त्रिया’ असा विषय छापलाय. विषय तोच आहे, थोडं थांबा.

गाणं १९६८ सालच्या ‘जिव्हाळा’ चित्रपटातलं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज लता मंगेशकरांचा. आज तिघंही नाहीत. चित्रपट फारसा कुणाला आठवत नाही, गाणं मात्र घरोघर राहिलं. प्रसंग साधाच आहे. दिवेलागण झालीय, अंधार वाढतोय आणि आई लांब गेलेल्या लेकरांना घरी बोलावतेय. खळ्यांनी चालीत कुठेही घाई ठेवलेली नाही. ही बाई ओरडत नाही. सगळी पाखरं परतणार नाहीत हे तिला आतून कळलं असावं, असं मला ऐकताना वाटतं.

आमच्या घरी हे गाणं लागलं की आई टेप बंद करायची. ती मुंबईत नोकरी करायची, लोकलने घरी यायला साडेसात व्हायचे. तिन्हीसांजेला दारात आम्ही दोघी बहिणी उभ्या आणि वाट आईची! गाण्याच्या बरोबर उलटं. शेजारच्या काकू सहज काहीतरी बोलून जायच्या, ते आईला लागायचं. पुढे एम. एस. डब्ल्यू. करताना वर्गात मी या गाण्यावर तावातावाने बोलले होते. काळजी वाहायची ती एकट्या आईने, उंबऱ्यात थांबायचं तेही तिनेच. बापाने कधी हाक मारलीय का? ते म्हणणं मी आजही मागे घेत नाही.

पण मग मी इथे कामाला आले.

भात, नागली, वरई घरात आली, दिवाळी झाली की पाडे कसे रिकामे होतात, हे तुम्हांला मी काय सांगणार? भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्या. उचल आधीच घेतलेली, हिशोब हजार विटांमागे. राबते जोडी, वहीत नाव नवऱ्याचं. इथे आई उंबऱ्यात नसतेच, उंबऱ्याला कुलूप असतं. आणि ज्या हाकेला उत्तर येणार नाही, तीही या डोंगरांना नवी नाही. वावर-वांगणीत १९९२-९३ साली कुपोषणाने मुलं गेली, त्यांच्या आया काही गोष्टीतल्या नव्हेत.

मोखाड्यातल्या एका पाड्यावर बायकांच्या बैठकीत मी हे गाणं मोबाइलवर लावलं होतं. खरं म्हणजे वर्गातली टीका पुन्हा करायची म्हणून. गाणं संपल्यावर एकीने विचारलं, ‘पोरं कुठे गेली हिची? का हीच गेली?’ मला उत्तर सुचलं नाही.

मग तिनेच सांगितलं. थोरल्या मुलीची शाळा बुडू नये म्हणून तिला आजीकडे ठेवून ही नवऱ्याबरोबर भट्टीवर गेली. संध्याकाळी धूर खाली उतरला की ही मोखाड्याच्या दिशेला तोंड करून मुलीचं नाव घ्यायची. मोठ्याने नाही, पुटपुटत. नवरा आधी हसायचा. पुढे पुढे तिने नाव घेतलं की तोही चिखल तुडवायचा थांबायचा. होळीला गावी आले तेव्हा कळलं, मुलीची शाळा दोन महिन्यांपूर्वीच सुटली होती. आजी आजारी, पाणी आणायला दुसरं कोण?

म्हणजे बाप थांबत होता, हे माझ्या टीकेत बसत नव्हतं. आणि दोघं मिळून थांबली तरी मुलीच्या डोक्यावरचा हंडा उतरत नव्हता, हे गाण्यात बसत नव्हतं.

शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना या मुलांसाठीच आहे. ती वेळेवर सुरू व्हायची तर गावाने दिवाळीआधी नावं द्यायला हवीत. कोणत्या पाड्यावर कोण मुलगी मागे राहते, कुणाकडे राहते, त्या घरात पाणी कोण भरतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. जेवणानंतर वह्या घेऊन पाड्यांप्रमाणे बसू या. रात्री गाणं पुन्हा म्हणायला माझी हरकत नाही, पण यादी आधी.