गरम केलं की झालं?

पत्रिकेत विषय छापलाय 'मित्र जिवाणू, शत्रू जिवाणू'. त्यातले मित्र तुम्हाला ठाऊकच आहेत. विरजण, इडलीचं पीठ, लॅक्टोबॅसिलस. शिवाय दह्याचे गोडवे गाणारे शास्त्रज्ञ मेचनिकॉफ. त्यांना १९०८चं नोबेल मिळालं ते दह्यासाठी नव्हे, पण ते असो. मी थेट भातावर येतो. मला ओळखणाऱ्यांना हे अपेक्षितच होतं. (हशा)

१९७१पासून ब्रिटनमधल्या चिनी हॉटेलांत जेवलेल्या काहींना उलट्या होऊ लागल्या, जेवणानंतर एक ते पाच तासांत. दोषी निघाला फ्राइड राइस. आचारी भात ढीगभर शिजवून बाहेरच ठेवायचे, कारण फ्रिजमध्ये त्याचे गोळे होतात, परतताना मोकळा होत नाही. मागणी आली की कढईत दोन मिनिटं परतायचा आणि वाढायचा. आता, बॅसिलस सिरियस हा मातीतला जिवाणू तांदळाबरोबर घरात येतोच. शिजवताना तो मरतो, त्याचे बीजाणू मात्र तगतात. भात कोमट झाला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. करा कुकरच्या शिट्ट्या!

आता आपला फोडणीचा भात. (चुळबुळ) पहिल्या रांगेतल्या वहिनी म्हणताहेत, आमच्या सात पिढ्या खात आल्या. खात आल्याच, वहिनी, मीही खातो. पण पोट बिघडलं की आपण नाव घेतो आदल्या दिवशीच्या भेळेचं. घरच्या भातावर कधी कोणी संशय घेतलाय? (हशा) माझं भांडण फोडणीशी नाही, पातेल्याशी आहे. उरलेला भात त्याच पातेल्यात, वर घट्ट झाकण, आणि ओट्यावर मुक्काम. वरचा थर गार लागतो, पण मधे बोट घालून पाहा, कितीतरी वेळ ऊब असते. आपण पिढ्यान्‌पिढ्या उकळायला शिकलो, गार करायला शिकलोच नाही. जेवणं आटोपली की भात परातीत पसरा, वाफ जाऊ द्या, उथळ डब्यात भरा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. गोळे झाले तर हाताने मोकळे करा. हात धुऊन, अर्थात.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? साडेतीन? बरं. खव्याची मिठाई, आचाऱ्याच्या बोटावरची पिकलेली जखम, तिच्यातला स्टॅफिलोकॉकस जिवाणू, हे सगळं राहिलं. त्याचंही विष उकळून जात नाही, एवढंच सांगतो.

मागून प्रश्न आलाय, दहीभात चालेल का? चालेल. दह्यातल्या आपल्या मित्रांनी केलेल्या आंबटपणात या मंडळींना वाढणं जड जातं. मात्र दही रात्रीच, ताज्या भातात कालवा आणि तोही फ्रिजमध्येच ठेवा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात सकाळी वाटीभर दही घातलंत, तर विष आधीच तयार झालेलं असू शकतं. दही त्याचं काहीही करू शकत नाही.