दोघांनी मिळून एक फेरी



घरात नवऱ्याशी आपलं बोलणं किती? खत आणलं का, पोराची फी भरली का. तेही घाईत. गटाचं कर्ज आपल्या नावावर, पण पैसा कुठं लावायचा ते त्यांनीच ठरवायचं!

एसटीत शेजारी बसलं की तासभर दोघांनाही उठता येत नाही. मग मनातलं निघतं. पोरीला पुढं शिकवायचं का, शेळ्या घ्यायच्या का.

मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. नरसीला नामदेव महाराज, औंढ्याला नागनाथ, दोन्ही आपल्याच हिंगोली जिल्ह्यात. आषाढीला पंढरपुरात शासकीय महापूजेचा मानही वारकरी जोडप्याला मिळतो.

भाकरी बांधा, मोबाईल पिशवीत ठेवा, खर्चाचा हिशोब दोघांनी मिळून करा. काय ठरलं ते पुढच्या बैठकीत सांगा.