२१ क्रमांकाचा सदरा

खेळाडूची कीर्ती अल्पायुषी असते, अशी आपली एक समजूत आहे. गवयाच्या ध्वनिमुद्रिका मागे राहतात, लेखकाचे ग्रंथ राहतात. परंतु मैदानावरची एखादी अप्रतिम फेक ज्या क्षणी घडते त्याच क्षणी संपते. ती पाहणारे लोक हयात असेपर्यंत तिची आठवण निघते, आणि पुढे आकडे तेवढे उरतात. ही समजूत बव्हंशी खरी आहे. तथापि तिला काही अपवाद आहेत; त्यांपैकी एका अपवादाविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी शासकीय कामानिमित्त अमेरिकेतील पिट्सबर्ग या गावी मला चार दिवस राहण्याचा योग आला. पिट्सबर्ग हे एके काळचे पोलादाचे शहर. एका संध्याकाळी ॲलेघेनी नदीवरील पिवळ्या पुलावरून शेकडो माणसे पायी चाललेली दिसली. पलीकडे बेसबॉलचा सामना होता. मीही त्या गर्दीत सामील झालो. चालता चालता ध्यानात आले की, पुष्कळांच्या अंगात एकच सदरा आहे आणि त्याच्या पाठीवर २१ हा अंक आहे. तो घालणाऱ्यांत काठी टेकीत चालणारे वृद्ध होते, तशीच विशी-पंचविशीतील मुलेही होती. ज्या पुलावरून आम्ही चाललो होतो त्या पुलाला ज्याचे नाव दिले आहे, त्याच खेळाडूचा तो क्रमांक. त्याचे नाव रॉबर्टो क्लेमेंटे. आणि तो वारला १९७२ साली.

सामना चालू असता शेजारच्या वृद्ध गृहस्थांना मी विचारले, "आपण त्याला खेळताना पाहिले आहे काय?" त्यांनी उत्तर देण्याऐवजी मैदानाच्या उजव्या टोकाच्या भिंतीकडे बोट दाखविले. ती भिंत बरोबर २१ फूट उंच बांधलेली आहे. क्लेमेंटे जिथे उभा राहत असे तो मैदानाचा उजवा कोपरा. नंतर त्या गृहस्थांनी आपला उजवा हात खांद्यामागे नेऊन, बसल्या जागीच, एक फेक करून दाखविली. लहानपणी पाहिलेली ती फेक साठ वर्षांनंतरही त्यांच्या हातात राहिली होती.

बेसबॉलची आपल्याकडे फारशी ओळख नाही. म्हणून एक-दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. गोलंदाजाने फेकलेला चेंडू टोलवायचा आणि क्षेत्ररक्षकाची चूक न होता निदान पहिल्या तळापर्यंत सुखरूप पोचायचे, याला तिकडे 'हिट' म्हणतात. दहा संधींपैकी तीन वेळा ज्याला हे साधते तो उत्तम फलंदाज. क्लेमेंटे हा अठरा हंगाम खेळला. त्याची सरासरी दहास तीनहून थोडी अधिकच होती. चार वेळा तो आपल्या लीगचा अव्वल फलंदाज ठरला, आणि क्षेत्ररक्षणाचे 'गोल्ड ग्लव्ह' हे पारितोषिक त्याने लागोपाठ बारा वेळा मिळविले. क्रिकेटमध्ये सीमारेषेजवळून आलेला चेंडू थेट यष्टीवर आदळावा, तशी त्याची फेक असे.

तो जन्मला १९३४ साली, प्वेर्तो रिको बेटावरील कारोलिना गावी. वडील उसाच्या मळ्यावर मुकादम होते. सात भावंडांत हा धाकटा. हे बेट अमेरिकेच्या सत्तेखाली. तेथील लोक अमेरिकेचे नागरिक, पण भाषा स्पॅनिश. १९५५ साली तो पिट्सबर्ग पायरट्स या संघाकडून खेळू लागला, तेव्हा तो एकाच वेळी दोन प्रकारांनी परका होता. वर्णाने काळा, म्हणून सरावासाठी फ्लॉरिडात गेल्यावर गोऱ्या सोबत्यांच्या हॉटेलात त्याला जागा नसे. प्रवासात गोरे खेळाडू उपाहारगृहात जेवत आणि कृष्णवर्णीयांनी बसमध्येच खावे, असा शिरस्ता. आणि भाषा वेगळी, म्हणून त्याचे इंग्रजी उच्चार जसेच्या तसे छापून वर्तमानपत्रे वाचकांना हसवीत. त्याच्या पाठीला मोटार-अपघातात इजा झाली होती. तो दुखण्याविषयी बोलला की ढोंगी ठरे. पत्रकार त्याचे नावही बदलून 'बॉब' असे लिहीत. माझे नाव रॉबर्टो आहे, हे त्याला वारंवार सांगावे लागले.

हे मी अशासाठी सांगतो की, दिवंगत माणसाची आठवण काढताना आपण बहुधा सगळे कडू विसरून जातो, आणि जणू काही तो आरंभापासून सर्वांचा लाडका होता असे बोलू लागतो. क्लेमेंटेच्या बाबतीत ते खरे नाही. १९७१ च्या वर्ल्ड सीरीजमध्ये साऱ्या अमेरिकेने दूरचित्रवाणीवर त्याचा खेळ पाहिला. सातही सामन्यांत त्याने हिट मिळविली आणि तो त्या मालिकेचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. तेव्हा कोठे त्याची थोरवी बहुतेकांना पटली. त्या विजयानंतर ध्वनिक्षेपक पुढे आला असता तो आधी स्पॅनिशमध्ये बोलला, आणि बोलला तो आपल्या आईवडिलांशी. आयुष्यातील सर्वांत मोठ्या दिवशी त्याने त्यांचा आशीर्वाद मागितला. बेटावर ज्यांनी ते ऐकले त्यांना त्या चार शब्दांत आपली भाषा प्रथमच सन्मानाच्या जागी बसलेली दिसली असेल.

पुढच्या वर्षी, ३० सप्टेंबर १९७२ रोजी, त्याने तीन हजारावी हिट मिळविली. तोवर बेसबॉलच्या इतिहासात केवळ दहाजणांनी हा टप्पा गाठला होता. आदल्या रात्री एक टोला हिट ठरेल असे प्रेक्षकांना वाटले होते. परंतु नोंदणी-अधिकाऱ्याने ती क्षेत्ररक्षकाची चूक ठरविली. आता गंमत अशी की, पन्नास हजारांच्या त्या मैदानावर तीन हजारावी हिट पाहायला जेमतेम तेरा हजार माणसे होती. पुढे ज्या क्षणाची आठवण सारे शहर सांगू लागले, त्या क्षणी बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या. तीन हजार हा त्याचा अखेरचा आकडा ठरेल, हे तरी त्या दिवशी कोणाला ठाऊक होते!

२३ डिसेंबर १९७२ रोजी मध्यरात्रीनंतर निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने जमीनदोस्त झाली; हजारो माणसे दगावली. काही आठवड्यांपूर्वीच क्लेमेंटे प्वेर्तो रिकोच्या हौशी संघाचा व्यवस्थापक म्हणून त्या शहरी राहून आला होता. त्याने मदत गोळा करण्याचे काम अंगावर घेतले. नाताळच्या सुटीत दारोदार फिरून औषधे, अन्न, कपडे जमविले. लवकरच कानांवर आले की, पाठविलेले सामान गरजूंच्या हाती न पडता सोमोझाच्या सैनिकांकडून मधेच अडविले जात आहे. आपण स्वतः गेलो तर सामान अडविण्याचा धीर कोणाला होणार नाही, असे त्याला वाटले. ३१ डिसेंबरच्या रात्री, नववर्षाचा सण घरोघरी चालू असताना, तो सान हुआनहून एका जुन्या मालवाहू विमानात बसला. विमानाने उड्डाण केले आणि थोड्याच वेळात ते समुद्रात कोसळले. आत पाच माणसे होती. क्लेमेंटेचा देह कधीच मिळाला नाही.

पुढचे कित्येक दिवस लोक किनाऱ्यावर येऊन समुद्राकडे पाहत उभे राहिले. संघातील त्याचा मित्र मॅनी सँग्विलेन हा स्मृतिसभेला गेला नाही. त्या वेळी तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात बुड्या मारून त्याचा शोध घेत होता. चाहत्यांच्या सर्व स्मरणांत हे स्मरण मला सर्वांत मूक आणि सर्वांत मोठे वाटते.

पुढे सन्मान आले. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी 'हॉल ऑफ फेम'मध्ये निवड व्हावी हा नियम बाजूला ठेवून १९७३ साली खास मतदान झाले. ४२४ पैकी ३९३ मते त्याला पडली. लॅटिन अमेरिकेतून त्या दालनात गेलेला तो पहिला खेळाडू. समाजसेवा करणाऱ्या खेळाडूला दरवर्षी त्याच्या नावाचे पारितोषिक मिळते. आता दर १५ सप्टेंबरला त्याचा दिवस पाळला जातो, आणि त्या दिवशी इतर संघांतील खेळाडूही २१ हा अंक पाठीवर धारण करतात. हा अंकच का? रॉबर्टो क्लेमेंटे वॉकर या त्याच्या पूर्ण नावात रोमन लिपीत २१ अक्षरे येतात, म्हणून तो त्याने घेतला, असे सांगतात. वॉकर हे आईकडचे आडनाव. स्पॅनिश रीतीप्रमाणे ते शेवटी येते. परंतु हॉल ऑफ फेममधील फलकावर ते इंग्रजी पद्धतीने मधे घातले गेले. फलकावरील ही चूक दुरुस्त झाली ती २००० साली, म्हणजे सत्तावीस वर्षांनी. ज्याला जन्मभर आपले नाव सांगत राहावे लागले, त्याचे नाव मृत्यूनंतरही नीट लिहिले जाण्यास इतका काळ लागला! दप्तरात वावरणाऱ्या माझ्यासारख्याला हा तपशील बोचतो. कारण चुकीचे नाव नोंदविणे किती सोपे आणि ती नोंद बदलणे किती अवघड, हे आम्ही रोज पाहतो.

दुसरी एक गोष्ट याहून अधिक बोचते. ते विमान ठरलेल्या मर्यादेहून चार हजारांवर पौंड अधिक वजन घेऊन निघाले होते. त्याच महिन्यात त्याला एक अपघातही झालेला होता. अशा मोठ्या विमानांची उड्डाणापूर्वी तपासणी करावी, असा हवाई खात्याचा अंतर्गत आदेश होता. ती तपासणी झाली नाही. मृतांच्या कुटुंबीयांनी सरकारविरुद्ध दावा लावला. पहिल्या न्यायालयाने सरकारला जबाबदार धरले; १९७७ साली अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले. परंतु माझ्या मनात ते संपत नाही. एकीकडे मदतीचे सामान लुबाडणारी यंत्रणा, म्हणून एका भल्या माणसाला स्वतः निघावे लागले. आणि दुसरीकडे तपासणी न करणारी यंत्रणा, म्हणून तो पोचला नाही. या दोन्ही ठिकाणी कोणीतरी अधिकारी होता, त्याचे काम ठरलेले होते, आणि ते त्याने केले असते तर क्लेमेंटे कदाचित म्हातारा होऊन, नातवंडांना आपली फेक दाखवीत बसला असता. वीरांची स्तुती करताना आपण हा हिशेब टाळतो. पुष्कळदा एकाला वीर व्हावे लागते, ते इतरांनी आपले साधे काम न केल्यामुळे.

पिट्सबर्गमध्ये जुन्या फोर्ब्स फील्ड मैदानाची एक विटांची भिंत अजून शिल्लक आहे. दर १३ ऑक्टोबरला काही माणसे तिच्यापाशी खुर्च्या मांडून बसतात आणि १९६० च्या अंतिम सामन्याचे जुने नभोवाणी-वर्णन पुन्हा ऐकतात. शेवट सर्वांना पाठ आहे. तरी ते कान देतात. त्या वर्णनात क्लेमेंटे तरुण आहे, चेंडू जेमतेम टोलवून पहिल्या तळाकडे जीव तोडून धावतो आहे, आणि दर वर्षी वेळेवर पोचतो आहे.

त्या रात्री सामना संपल्यावर माझे शेजारी उठले. "तुमच्या देशात हा खेळ नाही, मग त्याच्याविषयी कोणाला सांगणार?" असे त्यांनी मला हसून विचारले. त्यांना दिलेले वचन आज मी आपल्यासमोर पुरे करीत आहे. २१ क्रमांकाचा सदरा आपणांपैकी फार थोडे लोक घालतील. परंतु संकटात सापडलेल्यांसाठी निघालेले सामान ज्यांच्या हातांतून जाते, आणि ज्यांच्या सहीवाचून वाहन सुटू नये असा नियम असतो, त्यांनी आपले काम त्या दिवशी चोख केले, तर त्याचे स्मरण मैदानाबाहेरही झाले असे मी म्हणेन.