रब्बीचं पाणी जुलैतच अडवा



ऐन आषाढात रब्बी ज्वारीचा विषय काढला, तर गुडघ्याला बाशिंग बांधल्यासारखं वाटेल. पण सोलापूर, मंगळवेढा, बार्शी, करमाळा, जामखेड, आष्टी या पट्ट्यात ज्यांची चार-पाच एकर कोरडवाहू जमीन आहे, त्यांच्या ज्वारीचा निकाल बराचसा जुलैतच लागतो. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान. पुढे पाऊस झाला तर झाला, नाही तर नाही. पीक उभं राहतं ते पेरणीआधी जमिनीत मुरलेल्या ओलीवर, आणि ती मुरवायची तयारी आत्ता करावी लागते.

आधी थोडा हिशेब. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे सुमारे १ लाख लिटर पाणी पडलं. १० हजार लिटरचे १० टँकर, तेही फुकट. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाच्या उपयोगाचं १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावतं. म्हणजे एकरी ६ ते ८ लाख लिटर. एवढं शेततळं खोदायचं तर किती रान जाईल आणि किती पैसा, ते तुम्हीच बघा. ही जागा तुमच्या पायाखाली तयार आहे; पाणी आत शिरलं पाहिजे, एवढंच.

ते शिरत का नाही? रब्बीची रानं खरिपात मोकळी असतात. आपल्या भागात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात, आणि तो रिपरिप करत नाही, तासाभरात झोडपून जातो. मोकळ्या रानावर थेंब आपटला की ढेकळं फुटतात, बारीक गाळ मातीच्या छिद्रांत बसतो आणि वर पापुद्रा धरतो. मग पाणी उताराला लागतं, आणि जाताना शेणखत, युरिया आणि वरची कसदार माती सोबत नेतं. मोठा पाऊस उघडला की शेताच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन तिथला गाळ मुठीत घेऊन बघा, आणि मग वरच्या बाजूची माती घ्या. वरची भरड लागेल. मऊ होती ती खाली आली, आणि उरलेली ओढ्याला गेली.

यावर सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात १९३३ पासून काम चाललेलं आहे. तिथली एक शिफारस इतकी साधी आहे, की म्हणूनच कदाचित ती कोणी मनावर घेत नाही. जुलैत एक कुळवाची पाळी द्यायची आणि सारा यंत्रानं रानात आडवे-उभे वरंबे ओढून साधारण १० मीटर बाय १० मीटरचे कप्पे पाडायचे. वरंबा वीतभर उंच असला तरी पुरे. पाऊस ज्या कप्प्यात पडेल त्याच कप्प्यात थांबतो आणि मुरतो. पेरणीच्या पाळीत वरंबे मोडले तर मोडू द्या, तोवर त्यांचं काम झालेलं असतं. मात्र हे मध्यम ते खोल आणि कमी उताराच्या रानासाठी. मुरमाड माळावर ज्वारीसाठी हा खटाटोप करण्यात अर्थ नाही. तिथं दोन वितींखाली मुरूम लागतो, ओल साठणार कुठं?

आता खरी अडचण. पुस्तकात लिहिलेलं असतं, मशागत उताराला आडवी करा. शेतकऱ्याला हे कळत नाही असं नाही. पण आपल्याकडे वाटण्या कशा होतात? वरच्या अंगाला हलकं रान, खालच्या अंगाला भारी. तिघं भाऊ असले तर तिघांनाही दोन्ही मिळावं म्हणून वरून खालपर्यंत लांब पट्ट्या पाडल्या जातात. वाटणी न्यायाची होते, पण नांगर उताराच्या दिशेनं धावायला लागतो. पट्टी ३०-४० फूट रुंद. ट्रॅक्टरवाला तासावर पैसे घेतो. तो आडवा चालून दर दहा पावलांवर वळणार आहे थोडाच? मग नांगराचा प्रत्येक तास पाण्याची पन्हळ होतो.

१९४२ साली मुंबई प्रांतात जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि पुढे गावोगाव समतल बांध पडले. ते बांध उतार पाहत होते, वाटण्या पाहत नव्हते. कुणाच्या पट्टीतून तिरका बांध गेला की त्याला तो डोळ्यात सलायचा. दरसाल नांगराच्या फाळानं थोडा थोडा खाल्ला आणि नाहीसा केला. शिवाय खोल काळ्या रानात मातीला भेगा पडतात आणि बांध त्या भेगेतून फुटतो, ही तक्रारही खोटी नव्हती.

म्हणून माझं म्हणणं असं: नांगरट उभी झाली तर झाली, पण शेवटची पाळी आणि पेरणी आडवी करा. ती बैलांनी करा, किंवा भावाभावांनी एकाच दिवशी ट्रॅक्टर लावून तिन्ही पट्ट्यांतून सलग करून घ्या. बांध आपापलेच राहतील, कुणाची हद्द हलणार नाही. आणि जादा पाण्याला सगळ्यांचा मिळून एक दगडी सांडवा काढा. आपल्याकडे बांधावरून कोर्टात जायला माणसं तयार असतात, पण सांडव्याला दोन ब्रास दगड टाकायचे म्हटलं की एकमेकांकडे बघतात.

ओल साठली, तरी ती राखावी लागते. इथं कोळप्याला पर्याय नाही. पीक तीन आठवड्यांचं झालं की फटीचं कोळपं, म्हणजे तण निघतं. पाच आठवड्यांनी अखंड पासेचं. त्यानं बारीक भेगा बुजतात. आठव्या आठवड्यात जमीन आवळते, भेगा रुंद होतात, साधी पास आत शिरत नाही, तेव्हा दातेरी कोळपं. काळ्या रानातली भेग खोलवरची ओल बाहेर काढते. ती मातीनं बुजली की उडणारं पाणी पिकाला मिळतं. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं जुनी माणसं म्हणतात ते यासाठी. हल्ली बैल विकले गेले आणि पहिल्या कोळपणीनंतर रानाकडे कोणी फिरकत नाही. गावात दोन-चार बैलजोड्या राहिल्या असतील, तर त्यांची मजुरी आताच ठरवून ठेवा.

काही जण सांगतात, पिकात काडीकचऱ्याचं आच्छादन करा. सल्ला शास्त्रानं बरोबर आहे. पण ज्वारीचा कडबा रानात पसरायला सांगणाऱ्यानं कडब्याचा भाव विचारलेला नसतो. कडबा गुरांनाच राहू द्या. तुरीच्या काड्या, काढलेलं तण, बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला, एवढं पसरलं तरी चालेल.

ज्यांच्या विहिरीला थोडं पाणी आहे, त्यांनी ते ज्वारी पोटरीत येताना एकदा द्यावं. मात्र बोअर मारून त्याचं पाणी प्लास्टिकच्या शेततळ्यात भरून ठेवण्याचं जे फॅड आलं आहे, ते मला अजिबात पटत नाही. जमिनीखाली सगळ्या गावाचं असलेलं पाणी वर काढून उन्हात वाळत घालायचं, यात कसली जलसाठवण? पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तिचा नियम आठवा. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, घरातल्या माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. उसाला बंदी. नियम कडक होते, पण मुठीएवढ्या पाण्यावर बऱ्याच चुली पेटवायच्या तर दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

तर येत्या आठवड्यात दोन कामं करा. वाफसा आला की सारा यंत्र मागून आणा आणि निदान एका एकरात कप्पे पाडा. शेजारचा एकर तसाच ठेवा, म्हणजे सुगीला दोन्हींची कणसं शेजारी शेजारी बघता येतील. आणि बांधाला बांध असलेल्या भावाशी सांडव्याचं बोलून घ्या. सप्टेंबरच्या पावसाला अजून अवकाश आहे.